नंबर सोडायचा हक्क

“ही बटणं पडलेली नाहीत, कापलेली आहेत,” टाचणीमावशी माझ्या कानाशी पुटपुटल्या. “दोरा बघ कसा एका रेषेत तुटलाय. बटण लावता येत नाही, ठीक आहे, सगळ्यांना कुठे येतं. पण तोडताना तरी माणसानं जरा मनापासून तोडावं.”

मावशींच्या तोंडात कायम दोन-चार टाचण्या असतात. त्यामुळे त्यांची तक्रार ओठांच्या कोपऱ्यातून येते आणि ती ऐकायला कान जवळ न्यावा लागतो. मी नेला, कॉलेजची मुलं घाईत असतात असं काहीतरी म्हटलं आणि त्या सदऱ्याची चिठ्ठी हळूच वहीखाली सरकवली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘सदरा. बटणे पाच. सर्व लूज कनेक्शन. खोली क्र. ४२.’ कॉलेजच्या वसतिगृहात खोल्या चाळीसच आहेत. आणि बटणाला लूज कनेक्शन झालं असं म्हणणारा माणूस सबंध गावात एकच, तो आमच्यापासून दोन टेबलं पलीकडे इस्त्री उघडून बसला होता.

हा आमचा दुरुस्तीचा गुरुवार. चर्चच्या मागच्या अंगाला सात पायऱ्या उतरलं की एक लांबट हॉल लागतो. रविवारी तिथे लहान मुलांचा वर्ग भरतो, म्हणून भिंतीवरच्या खुंट्या माझ्या कमरेच्या उंचीवर आहेत आणि तिथे अडकवलेली मोठ्या माणसाची पिशवी जमिनीवर बसल्यासारखी दिसते. आठवड्याचे बाकीचे दिवस फादरांनी वाटून दिलेत. सोमवारी रक्तदानवाले, मंगळवारी धान्याच्या पिशव्या वाटणारी संस्था, बुधवारी अंध विद्यार्थ्यांना पुस्तकं वाचून दाखवणाऱ्या बायका, गुरुवारी आम्ही, शुक्रवारी गाण्याचा सराव. दाराशी वारांची पाटी आहे. ज्या त्या वारानं आपापली ओळ स्वतः रंगवलीय. मंगळवारचं अक्षर सगळ्यांत सुरेख आहे आणि हे मंगळवारला माहीत आहे.

गुरुवार घड्याळकाकांनी सुरू केला, बारा वर्षांपूर्वी, दुकान कायमचं बंद केलं त्याच्या पुढच्याच आठवड्यात. कॉलेजचं गाव आहे, मुलं लांबून येतात, वस्तू मोडतात आणि आईबाप जवळ नसतात, एवढाच त्यांचा विचार होता. त्यासाठी त्यांना सभा, ठराव, अध्यक्ष वगैरे काही लागलं नाही. फादरांना विचारलं, फादर म्हणाले, टेबलं आहेत. झालं. घड्याळं, कुलपं, चष्मे आणि बोटाच्या नखापेक्षा लहान असलेलं जगातलं सगळं काकांकडे. विजेचं ते वायरमनकडे, म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेला आमचा वायरमन. सुईदोऱ्याचं मावशींकडे. माझं कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान आहे, ते गुरुवारी सकाळी बंद ठेवून मी इथे येते आणि वस्तू उतरवून घेते, चिठ्ठ्या लावते, नंबर देते. मला सगळे झेरॉक्स म्हणतात. माझं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय.

ज्यांना सकाळचे तास असतात त्यांच्यासाठी वर व्हरांड्यात एक लाकडी पेटी ठेवलीय. वस्तू पेटीत टाकायची, सोबत चिठ्ठी, संध्याकाळी येऊन न्यायची. कुणी टाकली ते बघायला तिथे कुणी नसतं. पुढचं सगळं रामायण त्या पेटीमुळे झालं.

आणि एक नियम आहे. नंबर म्हणजे नंबर. एकदा प्रिन्सिपॉलसाहेब स्वतः आले होते, ब्रीफकेसचं कुलूप अडकलेलं, आत भाषण. काकांनी डोळ्यावरची भिंगाची वाटी न काढता सांगितलं की आपला नववा. साहेब पहिल्या वर्षाच्या दोन मुलांच्या मधोमध पाऊण तास बसले आणि भाषण न करता घरी गेले. कॉलेजात म्हणे त्या दिवशी मुलांनी आमच्या नावानं टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून हा नियम काकांचा न राहता हॉलचाच झाला. त्याला एकच खिडकी आहे. आपला नंबर दुसऱ्याला सोडता येतो, पण वस्तूच्या मालकानं स्वतः समोर उभं राहून तसं सांगायचं. निरोप, चिठ्ठी, ओळख, काही चालत नाही.

आता खरं सांगायचं तर गेल्या दोन-तीन वर्षांत मुलं यायची थांबली. त्यांचा दोष नाही. मोबाइलवर बोट टेकवलं की नवी वस्तू वसतिगृहाच्या फाटकात येऊन पडते. जुनी घेऊन सात पायऱ्या कोण उतरेल? आधी रांग व्हरांड्यातून आत आली, मग रांगेची चार माणसं झाली, मग एक. शेवटचं खरं गिऱ्हाईक म्हणजे एक लांब केसांचा मुलगा, पाणी तापवायची कांडी घेऊन आला होता. त्याच्या पुढच्या गुरुवारी साडेअकरापर्यंत दारात सावलीसुद्धा पडली नाही. काकांनी आपले स्क्रू-ड्रायव्हर लहानापासून मोठ्यापर्यंत मांडले. मग मोठ्यापासून लहानापर्यंत मांडले. फादर चहा घेऊन आले तेव्हा काका म्हणाले, परीक्षा असतील. परीक्षेला दोन महिने होते. आम्ही सगळे म्हणालो, हो, परीक्षाच.

पुढच्या गुरुवारी पेटीत एक टेबलदिवा निघाला आणि एक थांबलेलं मनगटी घड्याळ. काकांचा चेहरा असा उजळला की मी चिठ्ठ्या दुसऱ्यांदा वाचल्याच नाहीत. घरी गेल्यावर आठवलं. दिव्याच्या चिठ्ठीला स्टेपलच्या जागी टाचणी होती. घड्याळाच्या चिठ्ठीची सुरुवात ‘कृपया’नं होती आणि शेवट ‘आपले आभारी’नं. दिवसभर मुलांच्या वह्या झेरॉक्सच्या काचेवर उताण्या घालणारी बाई आहे मी, वीस वर्षांच्या माणसाचं अक्षर मला हुंगूनसुद्धा कळतं. आभार मानणारा विद्यार्थी मी अजून पाहिला नाही.

तर असं चाललं होतं. मावशी विजेला घाबरतात, म्हणून त्या दिव्यात फक्त गेलेला बल्ब बसवून आणायच्या, आणि अधूनमधून काकांसाठी आपलं मनगटी घड्याळ. वायरमन घरातल्या सदऱ्यांची बटणं पक्कडीनं तोडून मावशींसाठी पेटीत टाकायचा. फादर दर आठवड्याला काकांसाठी एक घड्याळ बंद पाडायचे, आणि पाप लागू नये म्हणून बहुधा ते फक्त चावी द्यायचं टाळत. मीही काही धुतल्या तांदळासारखी नव्हते. दुकानातल्या गजराच्या घड्याळात सेल उलटा घालून मीही ते पेटीत टाकलं. काकांनी ते पाऊण तास उघडून, पुसून, तेल घालून, मग सेल सुलटा केला आणि मला म्हणाले की आजकालच्या मुलांना साधं अधिक-उणे कळत नाही.

गंमत अशी की प्रत्येकाला आपल्या स्वतःच्या खोट्या वस्तू तेवढ्या माहीत. बाकीच्या खऱ्या. मावशींना वाटायचं, दिवे आपण आणतो पण सदरे मुलांचेच. वायरमनला वाटायचं, सदरे आपले पण दिवे मुलांचेच. फक्त मला सगळं माहीत, कारण चिठ्ठ्या माझ्या हातातून जायच्या, आणि मी गप्प. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. ‘आज बरी गर्दी आहे’ असं म्हणायचं आणि चहा प्यायचा.

हे सगळं काकांचा गुरुवार भरलेला राहावा म्हणून, हे सांगायला नकोच. काकू गेल्याला चार वर्षं झाली. त्यांची लेक मोठ्या शहरात दातांची डॉक्टर आहे. ती दर रविवारी फोन करते आणि दर रविवारी म्हणते, बाबा, आता इकडे या. तिचं चुकत नाही. काका एकदा न्हाणीघरात घसरून पडले होते आणि तासभर तसेच होते, हे तिला शेजाऱ्यांकडून कळलं. तिनं तिकडे एक खोली रंगवून ठेवलीय, घड्याळं लावायला एक सबंध भिंत मोकळी ठेवलीय. काकांचं उत्तर ठरलेलं. आणि गुरुवारचं काय? मुलं खोळंबतील.

मग मागच्या रविवारी लेक म्हणाली की मी स्वतः येऊन बघते. खरंच इतकी माणसं तुमच्यावर अवलंबून असतील तर पुन्हा विषय काढणार नाही. नसतील, तर महिनाअखेरीला सामान बांधायचं. काकांनी हे आम्हाला भिंग पुसता पुसता सांगितलं, हवापाणी सांगावं तसं. “येतेय ती गुरुवारी,” ते म्हणाले. “बघेल.”

आम्ही चहा प्यायलो. घरी जाताना मात्र सगळ्यांची चाल एकदम कामात असल्यासारखी झाली होती.

त्या गुरुवारी सकाळी मी पेटी उघडली तर झाकण वर येईना, इतकी गच्च. चौदा वस्तू निघाल्या. इस्त्री, दोन दिवे, सदरे, उसवलेली उशी, एक पंखा ज्याची पाती कुणीतरी काढून वर्तमानपत्रात बांधून सोबतच ठेवली होती. काकांच्या वाट्याला चार. दोन नंबरला फादरांचं भिंतीवरचं घड्याळ, पाचला मावशींचं मनगटी, सातला वायरमननं कुठूनतरी पैदा केलेलं टोल्याचं घड्याळ, अकराला माझं गजराचं. ते गजराचं आता इतक्यांदा उघडलं गेलं होतं की झाकण आपण होऊन निघायचं.

लेक साडेनऊला आली. चाळिशीतली, नीटस, चेहऱ्यावर बापाचंच नाक. तिनं सगळ्यांना नमस्कार केला, मावशींच्या टाचण्यांकडे डॉक्टरच्या नजरेनं एकदा पाहिलं आणि काकांच्या टेबलाशेजारी खुर्ची घेऊन बसली. टेबलावरचा ढीग बघून ती जरा नरमलीच. एवढं सगळं एका सकाळीत होतं का, तिनं विचारलं. काका म्हणाले, कधीकधी उरतं, मग पुढच्या गुरुवारी. वायरमननं इस्त्रीत डोकं घालून, कुणी विचारलं नसताना सांगितलं की मागच्या आठवड्यात तर याच्या दुप्पट होतं. मावशींनी त्याला टेबलाखालून पाय मारायचा प्रयत्न केला, पण दोन टेबलांचं अंतर होतं, तो मला लागला.

सगळं कसं छान चाललं होतं. काका दोन नंबरच्या घड्याळाचं यंत्र बाहेर काढून कापडावर मांडत होते, लेक बघत होती, फादर एरवीपेक्षा जास्तच बिस्किटं घेऊन फिरत होते. मी मनात म्हटलं, सुटलो. आणि तेवढ्यात पायऱ्यांवर पाय वाजले.

मुलगी होती. एकोणीस-वीसची. एका हातानं कठडा धरून, प्रत्येक पायरी पायानं चाचपत उतरत होती. दुसऱ्या हाताच्या मुठीत चष्म्याचे तीन भाग होते, दांडी, चौकट आणि एक काच. काच धरून ठेवणारा इवलासा स्क्रू सकाळी कुठेतरी पडला होता. साडेदहाला तिचा पेपर होता आणि समोरचं माणूस बाई की बुवा हेही तिला हातभर अंतरावरून कळत नव्हतं. मला ती ‘सर’ म्हणाली. चष्म्याचं दुकान अकराला उघडतं. चिकटपट्टी लावून पाहिली होती, काच निघून येत होती. वसतिगृहाच्या बाईंनी सांगितलं, चर्चच्या खाली जा, तिथे एक म्हातारे आहेत.

वर्षभरात आमच्याकडे आलेलं पहिलं खरं मोडलेलं काम. आणि तिचा नंबर पंधरावा.

मी चिठ्ठी लिहिली. हात लिहीत होता आणि मी नुसती बघत होते. दहाला दहा मिनिटं कमी होती. काकांनी भिंगातून मान वर केली, मुलीच्या मुठीतला चष्मा लांबूनच पाहिला आणि त्यांच्या बोटांनी टेबलावरच्या लहान डबीकडे जरासं वळण घेतलं, मी ते पाहिलं. मग बोटं परत यंत्राकडे गेली.

“किती आहेत पुढे माझ्याकडचे?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, चार.

“मग बस हो बाळ,” ते मुलीला म्हणाले. “दोन तास तरी लागतील.”

मुलगी रडली नाही, हे जास्त वाईट झालं. ती ‘बरं’ म्हणाली आणि भिंत चाचपत बाकावर बसली, मांडीवर प्रवेशपत्र ठेवून, जणू दोन तासांनी पेपर पुन्हा सुरू होणार होता.

लेकीनं बापाकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली की बाबा, पाच मिनिटांचं काम असेल ना. काका म्हणाले, तीन मिनिटांचं. पण हे चौघं आधी येऊन ठेवून गेलेत, त्यांच्या पुढे कुणाला घालायचं ते मी कसं ठरवणार? उद्या अमक्याचं काम निकडीचं नि तमक्याचं नाही, हे मी ठरवायला लागलो तर प्रिन्सिपॉलांना मी कशाला बसवलं होतं? त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते खरंच विचारत होते.

आता प्रश्न सरळ होता. चार मालकांनी उभं राहायचं आणि म्हणायचं, आमचा नंबर आम्ही सोडतो. चारी मालक हॉलमध्येच होते. एकानं तोंड उघडून भागणार नव्हतं, चौघांनी उघडायला हवं होतं. आणि उघडलं की लेक विचारणार, ही तुमची का? मग पेटीत का? मग तो दिवा कुणाचा, तो सदरा कुणाचा? एक टाका ओढला की आख्खी शिवण उसवणार आणि महिनाअखेरीला सामान बांधायचं.

सुरुवात वायरमननं केली. तो म्हणाला, ते सात नंबरचं टोल्याचं, त्या मुलाला मी ओळखतो, एकदम दिलदार मुलगा, तो नाही म्हणणारच नाही. काका म्हणाले, नाही म्हणणार नाही ना, मग येऊन हो म्हणू दे. वायरमन म्हणाला, तो आज गावाला गेलाय. मग सकाळी पेटीत घड्याळ कोणी टाकलं, हा प्रश्न काकांनी विचारला नाही. त्यांनी नुसतं यंत्रातलं एक चाक चिमट्यानं उचललं आणि उजेडात धरलं.

मग मावशींनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. बारा वर्षांत मी हे दुसऱ्यांदा पाहिलं. त्यांनी जाहीर केलं की पाच नंबरवालीचा आत्ताच फोन आला होता, तिला घाई नाही. लेक म्हणाली, तुमचा फोन तर तिकडे खिडकीत लावलाय चार्जिंगला. मावशी म्हणाल्या, मघाशी आला होता. आणि टाचण्या परत तोंडात.

फादर बिस्किटांची थाळी घेऊन हॉलच्या मधोमध उभे होते. खोटं बोलणं त्यांच्या धंद्यात बसत नाही आणि खरं बोलणं त्या क्षणी कुणाच्याच बसत नव्हतं. त्यांनी मुलीला बिस्किट दिलं. तिला ते दिसलं नाही, म्हणून हातात दिलं. वायरमन तांब्याची बारीक तार घेऊन मुलीकडे निघाला, बांधतो म्हणाला, आणि काका न बघताच म्हणाले, “तार घालू नकोस. काच तडकली तर तिचं वर्ष जाईल.” तो तार घेऊन परत फिरला.

दहा वाजले. मागे दुरुस्त होऊन न्यायची राहिलेली घड्याळं एकापाठोपाठ एक वाजली, तीन निरनिराळ्या वेळी. मी उठून उभी राहिले. अकरा नंबर माझा आहे, एवढे चार शब्द म्हणायचे होते. समोर लेक बसली होती, तिच्या मांडीवर काकांचा जुना स्वेटर होता, येताना तो कोपरावर विरलेला दिसला म्हणून तिनं मावशींकडून सुईदोरा मागून घेतला होता आणि ती तो रफू करत होती. तिला फसवायचंही जिवावर आलं आणि तिला सांगायचंही. मी पुन्हा बसले. सगळ्यांनी माझं उठणं आणि बसणं पाहिलं.

तेव्हा काकांनी चिमटा खाली ठेवला.

“झेरॉक्स, वहीत लिही,” ते म्हणाले. “दोन, पाच, सात आणि अकरा. मालक समोर हजर आहे. नंबर सोडतो.”

मी विचारलं, कोण मालक?

“मी. चारही माझी. लिही गं, वेळ कमी आहे.”

मी लिहिलं. दुसरं काय करणार? काकांनी मुलीला टेबलापाशी बोलावलं, तिच्या मुठीतले तुकडे कापडावर ओतले, डबीतून तिळाएवढा स्क्रू काढला. आमच्यापैकी कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेतला नाही, स्क्रू उडेल म्हणून. पहिला स्क्रू बसवताना दुसरीकडचाही सैल आहे हे त्यांना दिसलं, तोही आवळला. मग चष्मा आपल्या सदऱ्याच्या टोकाला पुसून तिच्या नाकावर त्यांनीच ठेवला. मुलीनं डोळे मिचकावले, हॉल पाहिला, आम्हाला पाहिलं, मला ‘सॉरी मॅडम’ म्हणाली आणि सात पायऱ्या तीन उड्यांत चढून गेली. फादर तिच्यामागे निम्म्या पायऱ्यांपर्यंत धावले, तिचं प्रवेशपत्र बाकावर राहिलं होतं. ती परत आली, घेतलं, पुन्हा पळाली. वायरमन हसायला लागला आणि मग त्याला आठवलं की हसायची वेळ नाही.

लेकीनं सुई स्वेटरमध्ये टोचून ठेवली.

“बाबा,” ती म्हणाली, “ही चारही घड्याळं तुमची कशी?”

वायरमन म्हणाला की तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर... मावशी म्हणाल्या, गप्प बसा वायरमन. मी वहीत बघत राहिले. फादरांनी थाळी ठेवली आणि म्हणाले, त्यातलं दोन नंबरचं माझं आहे, आणि त्यांचा आवाज इतका बारीक आला की रविवारी याच घशातून प्रवचन निघतं यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांनी माझं गजराचं घड्याळ उचललं, झाकण अंगठ्यानं सरकवलं आणि लेकीच्या पुढे धरलं. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईच्या टोकानं ओरखडलेल्या बारीक रेघा होत्या, कोंबडीच्या पायांसारख्या, एकाखाली एक, सहा. घड्याळ दुरुस्त केलं की कारागीर आत आपली खूण आणि तारीख ओरखडून ठेवतो, असं ते तिला म्हणाले, म्हणजे पुढच्या माणसाला कळतं आधी कोण येऊन गेलं. या घड्याळात सहाही वेळा मीच येऊन गेलोय. फादरांच्यात आठ. त्या मनगटीत पाच.

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. वायरमन मात्र उगाचच दुखावल्यासारखा दिसला, त्याच्या टोल्याच्या घड्याळात एकही रेघ नव्हती.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?” मावशींनी विचारलं, टाचण्यांसकट, आणि एकही टाचणी पडली नाही.

काका म्हणाले की दुसऱ्या आठवड्यापासून. आणि त्या इस्त्र्यांच्या वायरी सैल करून वायरमनसाठी पेटीत कोण टाकतं असं तुम्हाला वाटतं? इस्त्र्यांच्या चिठ्ठ्या मलाही ओळखू आल्या नव्हत्या. वायरमननं समोरच्या उघड्या इस्त्रीकडे बघितलं. आठ महिने तो तिच्या कारखान्याला शिव्या घालत होता.

लेक हसली नाही, पण तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. ती म्हणाली, हे सगळं माझ्यासाठी रचलंत का आज? काका म्हणाले, आजच्या चौदा तुझ्यासाठी. एरवी सहा-सातच असतात.

“इथे वर्षभरात आजची ही मुलगी सोडली तर कुणी आलेलं नाही, बाळ,” ते पुढे म्हणाले. त्यांनी भिंगाची वाटी डोळ्यावरून काढली. तिचा गोल वळ डोळ्याभोवती तसाच राहिला होता. “या चौघांना वाटतं मला कळत नाही, आणि मला ते वाटू द्यायचं होतं. मुलं खोळंबतील असं मी तुला दर रविवारी सांगतो ते खोटं आहे. कुणी खोळंबत नाही. मलाच इथे यायला लागतं. घरी सकाळ उठून बसते माझ्यासमोर आणि मला तिचं काय करायचं ते कळत नाही. तुझी खोली चांगली आहे, भिंतही चांगली आहे. पण माझ्यासाठी आपलं चांगलं घड्याळ बिघडवून आणेल असं तिकडे मला कोण आहे?”